सेरावानची बुद्धिबळाची पुस्तकं: गावातल्या पोट्ट्यासाठी घ्यावी का?

अडीचघर
राजेहो, एक सल्ला पाहिजे. आमचं गाव दारव्ह्याच्या पुढे, यवतमाळ जिल्हा. पुतण्या सहावीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मोबाईलवर लिचेस खेळून खेळून तयार झाला, तालुक्याच्या शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालच्यात पहिला आला. जिल्ह्याला गेला तर तिथं क्लास लावलेले पोट्टे, त्यांनी बरोबर धुतलं. हरला त्याचं काही नाही हो, पण मी मागं उभा राहून डाव पाहिला, याच्याकडे दोन प्यादे जास्त होते आणि पुढं काय करायचं तेच याला माहीत नव्हतं, नुसता शह देत सुटला आणि शेवटी हत्तीच देऊन बसला.

नागपूरचा एक मित्र म्हणते की यासेर सेरावान नावाच्या अमेरिकन ग्रँडमास्टरची 'विनिंग चेस' मालिका घे, सगळे तेच घेतात. ऑनलाइन पाहिलं तर एका पुस्तकाच्या पैशात कपाशीच्या बियाण्याची थैली येते. एखादं घ्यायला हरकत नाही, पण ती पुस्तकं आहेत सात-आठ. पहिलं कोणतं घ्यायचं? आणि इंग्रजी आहे, सहावीतल्या पोराला झेपते का? ज्यांनी खरंच वाचलेत त्यांनी सांगा, कव्हर पाहिलेल्यांनी नाही सांगितलं तरी चालते.

सावजी_रस्सा
शेवटच्या वाक्यानं अर्धे सदस्य बाद केले भाऊ तुम्ही 😄

तिरपाउंट
माझ्याकडे चार आहेत, चारही पूर्ण वाचलेत.

'प्ले विनिंग चेस' १९९० चं. अगदी पट कसा मांडायचा इथपासून सुरू होते. त्यात तो सगळा खेळ चार गोष्टींवर उभा करतो, बळ, वेळ, जागा आणि प्याद्यांची रचना. वाचायला गोड आहे, मधेमधे जुन्या खेळाडूंच्या गोष्टी आहेत, पण तुमचा पुतण्या तालुका जिंकून बसला आहे, त्याला घोडा कसा चालते हे सांगायला पैसे घालवू नका.

'टॅक्टिक्स' (१९९२) घ्या. डबल अटॅक, पिन, स्क्युअर, डिकॉय असं मारामारीच्या एकेका युक्तीवर एकेक प्रकरण, प्रत्येकाच्या शेवटी सोडवायला डाव, आणि पुस्तकाच्या मागच्या भागात अँडरसन, मार्शल, अलेखाईन, ताल, कास्पारोव्ह अशा मारधाड करणाऱ्यांचे डाव. मी कारंजाला नोकरीला असताना संध्याकाळी लाईट गेली की टॉर्चच्या उजेडात हेच सोडवत बसायचो. डोळ्याला वळण लागते. आधी कुठं काही दिसत नाही, मग काही दिवसांनी एसटीत समोरच्याच्या मोबाईलवरचा डाव पाहून पण हात शिवशिवतात.

'ओपनिंग्ज' (डावाच्या सुरुवातीच्या चालींचं) मात्र घेऊ नका. जुनं झालं, आणि शेवटी तो पांढऱ्याला बार्त्झा आणि काळ्याला पिर्क अन् किंग्ज इंडियन अशा सुरुवाती खेळा म्हणते. लहान पोरानं ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) खेळून मार खाल्लेला बरा.

पुणेरी_हत्ती
सेरावान छानच, पण मला वाटतं जरा 'गोष्टीवेल्हाळ' आहे. मुलगा खरंच सिरियस असेल तर आर्तुर युसुपोव्हची मालिका बघा. नऊ पुस्तकं, प्रत्येकात २४ धडे, प्रत्येक धड्यानंतर १२ कोडी आणि त्यांना गुण. शिस्त लागते. फिडेनं (जागतिक बुद्धिबळ महासंघ) त्या मालिकेला बोलेस्लाव्स्की पुरस्कार दिलेला आहे. एकदा ते सुरू केलं की बाकी काही बघायची गरज नाही.

वऱ्हाडीप्यादं
@पुणेरी_हत्ती भाऊ नऊ पुस्तकं?? आमच्याकडे नऊ पुस्तकं असलेल्या घराले लोकं ग्रंथालय समजून पेपर वाचाले येतात.

पुणेरी_हत्ती
😂 मान्य. पण पहिलं एक तरी.

तिरपाउंट
युसुपोव्ह मी उघडून पाहिलेला आहे. माणूस उत्तम शिकवते, पण त्याचं 'सोपं' पुस्तक जिल्हा पातळीच्या पोराला पण घाम फोडते. आणि तो बोलत नाही. सेरावान बोलते. एकट्यानं शिकणाऱ्या पोराला बोलणारं पुस्तक पाहिजे, गावात विचारायला दुसरं कोण आहे?

लोणारी
मी उलटं बोलतो, राग मानू नका. २०२५ मध्ये पुस्तक कायले पाहिजे? लिचेसवर कोडी फुकट, विश्लेषण फुकट, इंजिन सांगते कुठं चुकलं. सेरावानचेच सेंट लुईस चेस क्लबचे तास यूट्यूबवर पडले आहेत, तासनतास. तोच माणूस, तेच डोकं, पैसा नाही लागत. पुस्तकं ही आपल्या पिढीची हौस आहे, पोट्ट्यावर कशाला लादता.

झेडपीमास्तर
लोणारीभाऊ, यावर मी बोलू शकतो कारण पोरांना हेच शिकवतो. (आमची शाळा पुसदकडे, पाचवी ते आठवी, बुद्धिबळाचे दोन पट, एकातला काळा हत्ती हरवला म्हणून बाटलीचं झाकण.)

मोबाईलवर पोट्टे कोडी सोडवतात पण सोडवत नाहीत, धडाधड चाल करतात, चुकली की दुसरी. इंजिन म्हणते "चूक". काऊन चूक ते सांगतच नाही, नुसता एक बाण दाखवते. पुस्तकात तो माणूस दोन ओळी लिहिते की इथं घोडा बांधला आहे, म्हणून त्याच्यावर दुसरा दबाव आणा. ती दोन ओळी मी मराठीत फळ्यावर लिहितो आणि पोरं ते लक्षात ठेवतात. आता तर एखाद्यानं घोड्यानं फोर्क मारला (एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला) की बाकीचे वर्गातून ओरडतात.

इंग्रजीचं म्हणाल तर बुद्धिबळाच्या पुस्तकात इंग्रजी कमी आणि आकृत्या जास्त असतात. माझ्याकडे सातवीतली एक मुलगी आहे, तिला इंग्रजीच्या पेपरात काठावर मार्क, पण 'टॅक्टिक्स'ची पानं ती आकृत्या बघून सोडवते आणि अडलं तरच वाक्य वाचते. पोरं तेवढी हुशार असतात. फक्त एक करा, पहिला महिनाभर कोणी तरी मोठं माणूस सोबत बसा. डाव पुस्तकात वाचायचा नाही, पटावर मांडायचा.

लोणारी
मास्तर, पटावर मांडायचं पटलं. बाकी माझं मत तिथंच आहे, मोबाईलवर पण धीर धरून सोडवता येते, त्याला पुस्तकाची गरज नाही तर शिस्तीची आहे.

झेडपीमास्तर
मोबाईलमध्ये फ्री फायर पण आहे ना भाऊ.

लोणारी
😶

वऱ्हाडीप्यादं
माह्या आज्याची गोठ सांगतो. आमच्या गावात पाराखाली बुद्धिबळ रंगे. नियम जुने, प्यादं एकच घर चाले, कॅसलिंग नाही, राजाले एकदा घोड्यासारखी उडी मारता येत होती, आन् समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. प्याद्यानं मात केली तर जिंकणारा मिशीवरून हात फिरवे. मी पहिल्यांदा शाळेतून नवीन नियम शिकून आलो, आज्याले तशेच खेळाले लावलं, आन् आज्यानं प्यादं दोन घरं टाकलं तं ते बाजूनं तिरपं जाऊन एन पासाँनं मारलं. आज्या म्हणे, "माह्या प्याद्याले तू शिवला नाही तरी मारलं?" दोघं दोन दिवस बोललो नाही.

हे सांगाचं कारण, सेरावानच्या पहिल्या पुस्तकात नियम नीट समजावून देले हायेत. घरात अशे आजे असतील तर पहिलं पुस्तक पण कामाचं, भांडण मिटवाले 😂

सावजी_रस्सा
राजाची उडी परत आणा अशी आमची मागणी आहे. दर डावात माझ्या राजाला तिचीच गरज पडते.

संत्राबर्फी
नमस्कार, मी नागपूरची. माझी मुलगी अकॅडमीत जाते. स्पष्ट सांगते, पुस्तकानं पाया होते, पण पुढे सामने लागतात, आणि सामने सगळे नागपूर-मुंबईकडे. फिडेनं मार्च २०२४ मध्ये रेटिंगची खालची पातळी १००० वरून १४०० केली, तेव्हापासून नवीन मुलांना रेटिंगच्या यादीत शिरणं आधीसारखं सोपं राहिलं नाही.

आणि नागपूरला ग्रँडमास्टर काही कमी नाहीत हं, रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, आणि आता दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये दिव्यानं बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि त्याच्यावर थेट ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी आमच्या अपार्टमेंटमधल्या आज्या पण विचारून राहिल्या होत्या की टायब्रेक म्हणजे काय.

वऱ्हाडीप्यादं
संत्राबर्फीताई, तिघंही नागपूरचेच. नागपूरच्या पुढं अकरा जिल्हे विदर्भात, तिकडे काऊन नाही कोणी?

संत्राबर्फी
विदर्भात एकूण अकरा जिल्हे हो, नागपूर धरून 🙂 पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. ग्रँडमास्टर काय, साधा नियमित कोच जिल्ह्याच्या गावी नाही. म्हणून तर हा धागा निघाला असं मला वाटते.

डॉ_सोयाबीन
विषयाला थोडा फाटा फोडतो. सगळे "ग्रँडमास्टरचं पुस्तक, ग्रँडमास्टरचं पुस्तक" करून राहिले. या मालिकेतल्या सुरुवातीच्या पुस्तकांवर सहलेखक म्हणून जेरेमी सिलमनचं नाव आहे. सिलमन ग्रँडमास्टर नव्हता, इंटरनॅशनल मास्टर होता, २०२३ मध्ये गेला. आणि सामान्य खेळाडूला समजेल असं लिहिण्यात त्याचा हातखंडा होता. मला तर वाटते की जो गोडवा तुम्ही सेरावानचा म्हणता त्यातला निम्मा सिलमनचा असावा.

याच्यावरून माझं मत असं की किताब पाहून पुस्तक घेऊ नये. मोठा खेळाडू पाच चाली पुढचं बघते, त्याला कळतच नाही की आपल्याला पहिलीच चाल दिसत नाही.

तिरपाउंट
@डॉ_सोयाबीन निम्मा कशावरून? 'चेस ड्युएल्स' (२०१०) वाचा, त्यात तो एकटा आहे आणि तरी तेवढाच गप्पिष्ट. विश्वविजेत्यांशी झालेले स्वतःचे डाव आहेत त्यात. हा माणूस चारदा अमेरिकेचा विजेता, १९७९ चा जागतिक ज्युनियर विजेता, १९८६ च्या दुबई ऑलिम्पियाडमध्ये कास्पारोव्हला हरवलं, आणि तरी स्वतः हरलेल्या डावाबद्दल अगदी रंगवून सांगते. ते सिलमन नाही शिकवत कोणाला. बाकी किताबाबद्दल सहमत.

डॉ_सोयाबीन
ठीक, निम्मा मागे घेतो, चाळीस टक्क्यांवर तडजोड.

सावजी_रस्सा
हमीभाव काय लागला शेवटी सिलमनला? 😂

नवीन_सदस्य_वाशीम
कोणाकडे पीडीएफ आहे का या सगळ्या पुस्तकांची? ग्रुपवर टाका ना.

अ‍ॅडमिन
पीडीएफ मागू नका, टाकू नका. आधीच दोन लिंका उडवल्या आहेत.

नवीन_सदस्य_वाशीम
बरं. मग जुनी पुस्तकं कुठे भेटतात?

पुणेरी_हत्ती
पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत कधी कधी दिसतात. नशीब लागतं. या मालिकेच्या आधीच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट प्रेसच्या, नंतरच्या एव्हरीमनच्या. मजकुरात फार फरक नाही, जुनी मिळाली तर बिनधास्त घ्या.

लोणारी
मायक्रोसॉफ्ट? खिडक्यावाले?

पुणेरी_हत्ती
हो, तेच. त्यांची पुस्तकं छापणारी शाखा होती.

झेडपीमास्तर
मालिकेतल्या 'एंडिंग्ज'बद्दल (डावाचा शेवट कसा खेळायचा ते) कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते पुस्तक पोरांना कंटाळवाणं वाटते, खरं आहे, पण त्यातली दोन पानं आमच्या शाळेला कामी आली.

जिल्ह्याच्या स्पर्धेत आमचा आठवीचा मुलगा हत्ती विरुद्ध हत्ती-प्यादं अशा डावात अडकला. प्यादं समोरच्याचं. बाजूचे सगळे म्हणे हरला. मी त्याला फिलिडोरची स्थिती शिकवली होती. आपला राजा प्याद्याच्या समोर, प्यादं जिथं वजीर होणार त्या घरात, आणि आपला हत्ती (समोरच्याच्या बाजूनं मोजून) सहाव्या रांगेत आडवा ठेवायचा म्हणजे समोरचा राजा पुढं येऊच शकत नाही. मग तो कंटाळून प्यादं सहाव्या रांगेत ढकलते. ढकललं की लगेच आपला हत्ती पार खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह, शह, शह. आता त्याच्या राजाला लपायला प्याद्यापुढचं घर उरलेलं नसते.

पोरानं हत्ती आडवा ठेवला आणि नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत बसला. समोरचा मुलगा हसून राहिला. प्यादं ढकललं तशी याची मान वर झाली, माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळ पाहिलं आणि हत्ती खाली. समोरच्यानं बरेच शह टाळून पाहिले आणि शेवटी हात पुढे केला, बरोबरी. तो क्लासवाला मुलगा नंतर येऊन विचारत होता, हे कुठं शिकला.

वऱ्हाडीप्यादं
मास्तर 👏 लय भारी. माहा पोट्टा असता तर हत्तीनं पयल्याच झटक्यात शह देल्ला असता.

संत्राबर्फी
फार छान. एंडगेमसाठी सिलमनचं 'कम्प्लीट एंडगेम कोर्स' पण चांगलं आहे, ते रेटिंगनुसार लावलेलं आहे, म्हणजे तुमच्या पातळीपर्यंतचं वाचा, पुढचं नंतर. माझ्या मुलीनं तसंच केलं.

डॉ_सोयाबीन
बघा, फिरून सिलमनच 😌

अडीचघर
सगळ्यांचे आभार, एवढं येईन असं वाटलं नव्हतं. आता माझा गोंधळ असा की अर्धे म्हणतात टॅक्टिक्स, मास्तर म्हणतात एंडिंग्ज, पुण्याचे भाऊ म्हणतात युसुपोव्ह आणि लोणारी म्हणतात काहीच नको. एकाच पुस्तकाचे पैसे आहेत समजा. मग?

लोणारी
मी "काहीच नको" म्हटलं नाही. "फुकट" म्हटलं.

बैलजोडी
मी आतापर्यंत नुसतं वाचून राहिलो होतो, आता लिहितो, कारण मूळ प्रश्न सगळे विसरले.

अडीचघर भाऊंनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं की पोराकडे दोन प्यादे जास्त होते आणि पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. याला टॅक्टिक्स कमी पडले नाहीत, दोन प्यादे त्यानं टॅक्टिक्सनंच मारले असतील, लिचेसवर तेच तर करते तो. याला पुढचं कमी पडलं. त्यासाठी 'स्ट्रॅटेजीज' (१९९४) आहे. त्याच्या सुरुवातीलाच जास्तीचं बळ हातात असताना काय करायचं यावर प्रकरण आहे, आणि त्याच्यापाठोपाठ समोरच्याची उलट धडपड कशी थांबवायची यावर. बरोबर तुमच्या पुतण्याचा डाव.

सांगते काय, तर जास्त बळ असलं की मोहरे बदलून टाका (प्यादे नाही, मोहरे), घाई करू नका, आणि शह द्यायचा म्हणून शह देऊ नका. मी स्वतः ते वाचल्यावर आमच्या तालुक्याच्या गणपतीच्या स्पर्धेत ज्या माणसाशी नेहमी हरायचो त्याच्याशी एक प्यादं जास्त घेऊन निवांत बसलो, वजीर बदलला, हत्ती बदलले, तो चिडला, मी चहा मागवला.

तिरपाउंट
@बैलजोडी पटलं. टॅक्टिक्स माझं लाडकं म्हणून मी तेच पुढे केलं, पण या पोरासाठी स्ट्रॅटेजीज आधी. थोडं जड आहे, इंग्रजी पण टॅक्टिक्सपेक्षा जास्त, तेवढं लक्षात घ्या.

पुणेरी_हत्ती
+१. शेवटी शेवटी चुकीच्या डावपेचांवरचं प्रकरण आहे ते मुलाला आवडेल, मुलांना दुसऱ्याच्या चुका फार आवडतात.

झेडपीमास्तर
मी पण याला सहमत. फक्त पहिली दोन-तीन प्रकरणं तुम्ही स्वतः आधी वाचा आणि मग त्याच्यासोबत बसा. आणि जिल्ह्यातला तो हरलेला डाव त्यानं लिहून ठेवला असेल तर तोच पटावर मांडा, पुस्तकातल्या डावाच्या बाजूला. डाव लिहिलेला आहे ना?

अडीचघर
हो, लिहिलेला आहे, अक्षर त्याचंच त्याला लागत नाही ती गोष्ट वेगळी. ठरलं मग, स्ट्रॅटेजीज मागवतो. टॅक्टिक्स पुढच्या वर्षी कापूस निघाल्यावर.

वऱ्हाडीप्यादं
कापसाच्या भरवशावर नका राहू भाऊ, तूर पण धरा.

तिरपाउंट
@अडीचघर टॅक्टिक्सला पुढच्या वर्षीपर्यंत कशाला थांबता. माझी प्रत पडूनच आहे, कारंजावरून दारव्ह्याला आमचे एक नातेवाईक दर आठवड्याला येतात, त्यांच्या हाती पाठवतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या. फक्त मी प्रत्येक आकृतीच्या बाजूला पेन्सिलीनं उत्तरं लिहून ठेवली आहेत, ती आधी खोडावी लागतील.

अडीचघर
खोडू नका भाऊ, तुमची चुकलेली उत्तरं शोधायला लावतो त्याला.

सावजी_रस्सा
तिरपाउंट आता रातभर जागून खोडणार 😂